मालनची चंची

“मेली कशानं?” लालसाबबाबांनी विचारलं.

“हट्टानं,” डॉक्टर म्हणाले.

पुढ्यातल्या निखाऱ्यांवर बाबांनी चिमूटभर ऊद टाकला. धूर वर गेला आणि खोलीच्या पत्र्याखाली पसरला.

“हट्टानं मरतंय व्हय माणूस?”

“मरतं, बाबा! औषध फुकट. तीन महिन्यांचं एकदम हातात. आणि बाई घ्यायलाच येत नाही. मग दुसरं काय म्हणायचं याला?”

बाबा धुराकडं बघत होते.

“बोला ना.”

“तूच बोल. तू बोलायला आलायस.”

ते मात्र खरं होतं. डॉक्टर सुधन्वा किणीकर बोलायलाच आले होते, आणि चांगलेच तापून आले होते.

लहानपणी त्यांना आकडी यायची. त्यांची आई दर गुरुवारी पोराला खांद्यावर टाकून या दर्ग्यात आणायची आणि फाटकाजवळच्या या खोलीत फकिराच्या मांडीवर घालायची. आकडी पुढं गोळ्यांनी गेली, पण पोरगं बाबांना चिकटलं ते चिकटलंच. डॉक्टर झालं, परदेशी जाऊन आलं, एचआयव्हीच्या उपचारांवर अभ्यास करायला लागलं, कानांवरचे केस पिकले, तरी कुठं काही अडलं की त्यांची गाडी हायवे सोडून दर्ग्याच्या मातीच्या वाटेला वळायची. एवढ्या शिकलेल्या माणसानं फकिराकडं काय जायचं, असं बायको विचारायची. डोकं हलकं होतं, असं ते सांगायचे. खरी गोष्ट अशी, की अख्ख्या जिल्ह्यात त्यांची वाहवा न करणारा हा एकच माणूस उरला होता.

“उद्या मुंबईत सभा आहे,” डॉक्टर म्हणाले. “माझी पद्धत राज्यभर लागू करायची की नाही, ते ठरणार आहे. मी बोलणार आहे तिथं.”

“काय बोलणार?”

“पद्धत शंभर टक्के बरोबर आहे. बायांचं अज्ञान आडवं येतंय.”

“व्हय का...”

बाबांनी एवढंच म्हटलं. पण या “व्हय का”नं डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता डॉक्टरांची बाजू सांगितली पाहिजे, कारण त्यांचा शोध खोटा नव्हता. एचआयव्हीची गोळी रोज घ्यावी लागते आणि जन्मभर घ्यावी लागते. न चुकता घेतली तर माणूस धडधाकट जगतो, रक्तात विषाणू सापडेनासा होतो. पण त्या गोळ्यांसाठी दर महिन्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात खेप. दिवसाची मजुरी बुडते, घरी काहीतरी कारण सांगावं लागतं, कारणं संपतात, आणि मग बाई गोळ्याच सोडते. डॉक्टरांनी म्हटलं, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊन बघू. याच तालुक्यातल्या बायांना देऊन बघितल्या. एकही बाई गळली नाही. त्याचा शोधनिबंध बाहेरच्या देशात छापून आला, शाली-नारळ झाले, आणि सरकारनं तीच पद्धत आधी या जिल्ह्याला लावली.

आणि लावली तेव्हापासून बाया गळायला लागल्या.

“तीच गोळी,” डॉक्टर मांडीवर हात मारून म्हणाले. “त्याच बाया. तेच तीन महिने. माझ्या अभ्यासात सगळ्या टिकल्या आणि आता दवाखान्याकडं फिरकत नाहीत. डोकं फुटायची वेळ आली आहे माझ्यावर! आणि मालनबाई तर अभ्यासातली पहिली बाई. तिला बघून बाकीच्या आल्या. तिनंच सोडावं?”

“मालन...” बाबा म्हणाले.

“मी इतका भडकलो, बाबा.”

“तिच्यावर?”

“तिच्यावरच! आणखी कुणावर?”

बाबांनी चिमट्यानं निखारे हलवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराचं असेल असं डॉक्टरांना वाटलं.

मालनचा नवरा ट्रकवर होता. तो हाच रोग देऊन मागंच गेला होता. मालन दिराच्या दोन खोल्यांत राहायची, जावेच्या हाताखाली; तिच्या रोगाचा घरात कुणाला पत्ता नव्हता. बाई हसरी. नवरा गेला, रोग लागला, दुसऱ्याच्या चुलीपुढं बसायची वेळ आली, तरी थट्टा केल्याशिवाय तिला राहवत नसे. दर गुरुवारी दर्ग्यात यायची, प्रसादाच्या मलीद्याची परात घासायची आणि बाबांना म्हणायची, “बाबा, तुमच्या देवाला सांगा, मला नवरा चांगला द्यायचा राहिला त्याच्याकडनं.”

“वॉर्डात भेटलास तिला?” बाबांनी विचारलं.

“भेटलो. मेंदूपर्यंत क्षय पोचला होता. गोळ्या सुटल्यावर दुसरं काय होणार?”

“शुद्धीवर हुती?”

“तेव्हा होती.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. भिंतीकडं तोंड फिरवलं.”

“त्याच्या आधी तू काय म्हणालास?”

डॉक्टर चुळबुळले.

“रागावलो जरा.”

“काय म्हणालास, ते इचारलं.”

“...म्हटलं, मालनबाई, तुम्ही माझं नाव घालवलंत.”

बाहेर अंगणात पायांचा आवाज वाढला होता. गुरुवारची माणसं जमत होती. दिवे लागायला अजून वेळ होता. कुणीतरी चटया झटकत होतं, कुठं तान्हं पोर रडत होतं. बाबा बराच वेळ त्या पोराचं रडणं ऐकत बसले.

“मी आज एक मागायला आलोय,” डॉक्टर शेवटी म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. “बाहेर त्या बाया बसल्या असतील. सगळ्याच येतात तुमच्याकडं. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. फातिहाची प्रार्थना झाली की दोन शब्द सांगा. नाव कुणाचं घेऊ नका. नुसतं म्हणा, दवाखान्यातनं औषधाच्या बाटल्या मिळतात, त्या घरी न्या, लाजू नका. मालन गेली, बाबा. अजून कितीजणी जातील... तुम्ही बोललात तर वाचतील.”

“हे खरं बोललास,” बाबा म्हणाले. “वाचल्या पायजेत.”

“मग सांगाल?”

बाबांनी उशाखाली हात घातला आणि एक चंची काढून डॉक्टरांपुढं ठेवली. पान-तंबाखू ठेवायची कापडी चंची, खणाच्या तुकड्यांची शिवलेली, आत कप्पे आणि वर गुंडाळायला नाडी. गावाकडं निम्म्या बायांच्या कमरेला अशी चंची असते. ही जांभळ्या काठाची होती.

डॉक्टरांनी ती लगेच ओळखली.

“ही तुमच्याकडं कशी?”

“ठिवून गेली. तू सांग, तू कशी वळखतोस?”

आता डॉक्टरांची पंचाईत झाली. ओळखत तर ते होतेच.

अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मालनच्या हातात तीन बाटल्या ठेवल्या होत्या. मालननं एक उचलून कानाशी हलवली. म्हणाली, “डॉक्टर, ही वाजती की!” मग सरळ टेबलावर पदर पसरला, बाटल्या उघडून गोळ्या ओतल्या, दवाखान्यातल्या नर्सकडून चांदीचा कागद मागून घेतला, पुड्या बांधल्या आणि चंचीच्या आतल्या कप्प्यात सरकवल्या. वर तंबाखूचं पान. “आता कोण हात लावतंय बघू!” म्हणाली आणि रिकाम्या बाटल्या तिथंच ठेवून निघाली. डॉक्टरांना हसू आवरेना. मागच्या बायांनी ते बघितलं. पुढच्या वेळी सगळ्याजणी चंची घेऊन आल्या. नर्स आदल्या दिवशीच पुड्या बांधून ठेवायला लागली. अभ्यास संपेपर्यंत एकही बाटली कुठल्याच घरात गेली नाही.

“मग?” बाबा म्हणाले. “हे त्या तुझ्या निबंधात लिवलंस?”

“लिहिलं होतं.”

“हुतं?”

“काढलं नंतर. अहो, त्याला काय शास्त्र म्हणायचं? बाहेरची मोठमोठी माणसं वाचणार. चंचीला इंग्रजीत काय म्हणायचं, इथूनच अडचण. हसले असते. एवढीशी तर गोष्ट... औषध महत्त्वाचं, बाबा. तीन महिने महत्त्वाचे. पिशवीचं काय घेऊन बसायचं!”

“व्हय.”

“मी लिहिलं, औषध सीलबंद बाटलीतून दिलं. दिलंच होतं की. खोटं नाही त्यात काही.”

“न्हाई, खोटं न्हाई.”

“सरकारनंही तसंच पत्रक काढलं. सीलबंद बाटली घरी न्यायची आणि पुढच्या खेपेला रिकामी आणून दाखवायची. दाखवली की पुढची मिळते. म्हणजे गोळ्या खाल्ल्या का विकल्या, ते कळतं. योग्यच आहे ते.”

“मालनच्या बाटल्या कुठं गेल्या?”

“हरवल्या म्हणाली दवाखान्यात. तीनच्या तीन हरवतात का कुठं? औषध देणारा ओरडला तिच्यावर.”

“लायनीत? समद्यांच्या म्होरं?”

“...हो.”

“रिकाम्या बाटल्या स्टँडामागच्या गटारात टाकल्या तिनं,” बाबा म्हणाले. “हितं बसून पुड्या बांधल्या. चांदीचा कागद न्हवता, तर वर्तमानपत्रात बांधल्या. त्या संपूस्तवर खाल्ल्या बिचारीनं. मग गेली दवाखान्यात. बाटल्या दाव म्हणाला त्यो औषधवाला. ती परत आली ती हितंच आली. आन् ही चंची ठिवली माझ्यापाशी. म्हणाली, आता हिचं काम न्हाई.”

मालनचा तो भिंतीकडं फिरलेला चेहरा डॉक्टरांना आठवला. पण हा माणूस सहज हार मानणारा नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

“म्हणजे बाटली वाजते म्हणून जीव द्यायचा? हेच अज्ञान, बाबा! जिवापेक्षा आवाज मोठा झाला का? मी असतो तर वाजत वाजत नेली असती गावातनं. काय करणार आहेत लोक? रोग आहे, औषध आहे, लाजायचं कशाला?”

बाबांनी मान वर केली. डॉक्टर आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी नीट बघितलं त्यांच्याकडं.

“बाटल्या हायत तुझ्याजवळ?”

“आहेत. सभेत दाखवायला घेतल्यात. गाडीत आहेत.”

“आण जा.”

डॉक्टरांनी गाडीतून तीन बाटल्या आणल्या. बाबांनी त्या चटईवर ठेवू दिल्या नाहीत.

“खिशात घाल. जाकिटाच्या.”

दोन उजव्या खिशात गेल्या, एक डाव्या. बाबांनी कोपऱ्यातला तांब्या पुढं केला.

“मी सांगतो बायांना. तू म्हणशील तसं सांगतो. त्याच्या आधी हौदावरनं तेवढं पाणी आण मला. घसा सुकलाय.”

“एवढंच?”

“एवढंच.”

डॉक्टरांना हायसं वाटलं. तांब्या घेऊन ते खोलीबाहेर आले.

अंगणात माणसं दाटीनं बसली होती. पुढं पुरुष, मागं बाया, आणि हौद पार पलीकडच्या भिंतीला. मधून जेमतेम पावलापुरती वाट. दर्ग्याचा कारभार बघणाऱ्या मुजावरांनी नुकतेच दुव्यासाठी हात वर केले होते. सगळ्यांचे तळवे उघडे, माना खाली. सगळं अंगण चिडीचूप झालं होतं.

डॉक्टरांनी पाऊल टाकलं.

खुळ.

ते थबकले. परत पाऊल टाकलं.

खुळ, खुळ.

आवाज काही मोठा नव्हता. पण त्या शांततेत तो भिंतीपर्यंत जाऊन परत येत होता. पहिली मान वळली. मग तिच्या शेजारची. एका बाईच्या मांडीवरचं तान्हं आवाजाकडं बघून हसायला लागलं. खुळखुळाच वाटला असेल त्याला. त्यानं हात पुढं केले.

डॉक्टरांचा हात उजव्या खिशावर गेला. घट्ट दाबून धरला त्यांनी खिसा. आता डावा वाजायला लागला. तांब्या बगलेत मारून त्यांनी दुसरा हात डाव्या खिशावर ठेवला. तांब्या सटकायला लागला, तसा तो सावरायला हात सुटला, आणि तिन्ही बाटल्या एकदम वाजल्या. एवढ्या सभा गाजवलेला माणूस, पण या अंगणातून पळून जावंसं वाटलं त्याला.

पुरुषांच्या शेवटच्या ओळीत येसूतात्या बसले होते. रिटायर एसटी ड्रायव्हर, डॉक्टरांचे जुने पेशंट, कानानं अधू. अधू असल्यामुळं त्यांचं हळू बोलणंसुद्धा सगळ्यांना ऐकू जायचं.

“डॉक्टर!” खिशातून डोकावणारं बाटलीचं झाकण बघून तात्या मायेनं म्हणाले. “तुमास्नीबी गोळ्या चालू झाल्या व्हय? जपा बरं का जिवाला...”

“छे, छे!” डॉक्टर म्हणाले. तेही मोठ्यानंच म्हणाले. “माझ्या नाहीत! तसल्या गोळ्या माझ्या कशा असतील!”

म्हातारा गोंधळला. त्यानं कसल्याच गोळ्यांचं नाव घेतलं नव्हतं.

मागं बायांच्या ओळीत काहीतरी हललं. डॉक्टरांनी बघितलं. भिंतीशी बसलेल्या एका बाईनं पदर पुढं ओढला. तिच्या पलीकडचीनं मांडीवरची पिशवी हळूच पाठीमागं सरकवली. तिसरी नुसती त्यांच्याकडं बघत होती. तिन्ही चेहरे त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्याच अभ्यासातल्या बाया होत्या त्या. मालनबरोबर आल्या होत्या, चंच्या घेऊन.

डॉक्टरांना ते शब्द परत गिळता आले असते तर त्यांनी गिळले असते. वीस वर्षं ते हजारो लोकांना सांगत आले होते की या रोगात लाजण्यासारखं काही नाही. त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीभिंतीवर ते लिहिलेलं होतं. आणि ती तिसरी बाई बघतच होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मुजावरांचा आवाज परत सुरू झाला. माना परत खाली गेल्या. डॉक्टर दोन्ही हातांनी खिसे दाबून, तांब्या बगलेत धरून, चोरासारखे मागं फिरले.

खोलीत येऊन ते मटकन खाली बसले.

बाबांनी तांब्यात बघितलं.

“पाणी?”

“...विसरलो.”

“राहू दे.”

निखारे विझत आले होते. बाहेर आमीन म्हटल्याचा आवाज झाला. मलीदा वाटायची गडबड सुरू झाली. परात घासायला आज दुसरं कोणीतरी बसलं असणार.

“हात काढ आता,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी खाली बघितलं. दोन्ही हात अजून खिशांवरच होते.

त्यांनी ते काढले आणि चंचीकडं बघत बसले. मग ढसाढसा रडले. आई खांद्यावरून आणायची त्या वयात रडले असतील तसे. बाबांनी पाठीवर हात ठेवला नाही, की उगी म्हटलं नाही. रडून होऊ दिलं.

“मी तिला म्हटलं, माझं नाव घालवलंस,” डॉक्टर म्हणाले. “मरणाऱ्या बाईला म्हटलं मी असं.”

“व्हय.”

“तिची माफी कशी मागू?”

“ती तर गेली.”

“बाबा, बायांना काही सांगू नका आज.”

“न्हाई सांगत.”

डॉक्टरांनी चंची उचलायला हात पुढं केला. बाबांनी त्याआधीच ती उचलून परत उशाखाली सारली.

डॉक्टर उठले. दारापर्यंत गेले. खिशातल्या बाटल्या पुन्हा वाजल्या, आणि त्यांचा हात पुन्हा अर्ध्यावर येऊन थांबला. ते तसेच उभे राहिले, पाठमोरे.

“उद्या काय सांगू मुंबईत?”

बाबांनी विझत्या निखाऱ्यांवर फुंकर घातली.

“जाकीट हेच घाल. बाटल्या खिशातच राहू देत. आन् बोलायला उठून चालत जाशील तवा... हात खिशावर नगं. वाजू दे.”